गावचा निधी, राज्याचं कर्ज आणि उधळपट्टी: मराठवाड्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामसभेच्या आधी आणि अर्थसंकल्पानंतर फोनवर, व्हॉट्सॲपवर, पारावरच्या बैठकीत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथं एकत्र केले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवले, गावांची नावं काढली. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे परत लिहिलेलं नाही, तिथं प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. उधळपट्टी म्हणजे नेमकं काय? सरकारनं जास्त खर्च केला की उधळपट्टी का?

नाही. दहा लाखांचा बंधारा वीस वर्षं पाणी धरत असेल तर तो स्वस्त पडला. तीन लाखांचा बंधारा पहिल्याच पावसात वाहून गेला तर तीनही लाख गेले. खर्चाचा आकडा बघून काहीच ठरत नाही. कामाची गरज होती का, दर बरोबर लागला का आणि ज्यासाठी काम केलं ते साधलं का, एवढं बघावं लागतं.

आणखी एक गोष्ट. उधळपट्टी आणि भ्रष्टाचार एकच नव्हेत. कुणी एक पैसा न खाताही लाखो रुपये वाया जातात: पाण्याचा स्रोत नसताना टाकी बांधली, किंवा वीजजोडणीची तरतूद न करता दवाखाना उभा केला. ग्रामसभेत उठून सरळ 'पैसे खाल्ले' म्हटलं की समोरचा पुरावा मागतो आणि विषय तिथंच संपतो. 'टाकीत पाणी का नाही?' याला मात्र उत्तर द्यावंच लागतं.

2. आम्ही इन्कम टॅक्स भरत नाही. मग हिशोब मागायचा हक्क आम्हाला कसा?

तुम्ही रोज कर भरता. डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आहे. खताच्या गोणीवर 5 टक्के आणि रासायनिक कीटकनाशकांवर 18 टक्के जीएसटी आहे. मोबाइलच्या रिचार्जमध्येही जीएसटी आहेच. ऊसतोडीला जाणारं जोडपं ट्रॅक्टरच्या मागं बसून साखर कारखान्यापर्यंत जातं, त्या डिझेलचा करसुद्धा शेवटी कष्टातूनच निघतो. आणि कर भरला नाही असं क्षणभर धरलं, तरी ग्रामसभेचा मतदार असणं एवढंच हिशोब मागायला पुरेसं आहे.

3. राज्यावर लाखो कोटींचं कर्ज आहे म्हणतात. राज्य बुडणार आहे का?

2025-26 च्या अर्थसंकल्पात एकूण खर्च 7,00,020 कोटी (सुमारे 7 लाख कोटी) रुपये धरला होता. महसुली जमा सुमारे 5 लाख 61 हजार कोटी, महसुली तूट 45 हजार 891 कोटी, राजकोषीय तूट (कर्ज काढून भागवायचा एकूण खर्च) 1 लाख 36 हजार 235 कोटी आणि वर्षअखेरीचं कर्ज सुमारे 9 लाख 32 हजार कोटी. कर्जाचा आकडा ऐकून छाती दडपते, पण महाराष्ट्राची अर्थव्यवस्थाही तेवढीच मोठी आहे. राजकोषीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवायची शिस्त आहे. केंद्रानं त्यासाठी 2003 मध्ये कायदा केला, महाराष्ट्रानं 2005 मध्ये. वरचा अंदाज त्या मर्यादेत बसतो.

मला काळजी वाटते ती महसुली तुटीची. शेतकऱ्याला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. विहिरीसाठी काढलेलं कर्ज पाणी लागलं तर स्वतःच फिटतं. लग्नातल्या मांडवासाठी काढलेलं कर्ज जमीन विकायला लावतं. धरण, रस्ता, वीज उपकेंद्र यांवरचा खर्च भांडवली. पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदानं हा महसुली. महसुली तूट असणं म्हणजे रोजच्या खर्चासाठी उसनवारी चालू असणं.

आणि अर्थसंकल्प मार्चमध्ये संपत नाही. वर्षभर पुरवणी मागण्या, म्हणजे जादा खर्चाच्या मंजुरीचे प्रस्ताव, येत राहतात. 2025 च्या पावसाळी अधिवेशनातच 57 हजार 509 कोटींच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. मार्चमधलं भाषण ऐकणारे पुष्कळ असतात, पुरवणी मागण्या वाचणारे फार थोडे.

4. लाडकी बहीण, मोफत वीज या योजना उधळपट्टी आहेत का? स्पष्ट सांगा.

स्पष्ट सांगते: गरजू बाईच्या खात्यात जाणारे महिन्याचे 1,500 रुपये मी उधळपट्टी मानत नाही. कोपीत राहून ऊस तोडणाऱ्या बाईला त्या पैशातून दवाखाना होतो, पोराची फी भरता येते.

आक्षेप योजनेच्या पद्धतीवर आहे. 2024 मध्ये आधी अर्ज सरसकट मंजूर झाले, छाननी नंतर सुरू झाली. 2025-26 साठी योजनेला 36 हजार कोटींची तरतूद होती. एवढ्या मोठ्या रकमेची पात्रता पैसे देण्याआधी तपासायला हवी होती. नंतर नाव कापलं की खऱ्या गरजू बाईलाही कागद घेऊन रांगेत उभं राहावं लागतं.

एक रुपयात पीक विम्याचंही असंच झालं. खरीप 2023 पासून शेतकऱ्यानं एक रुपया भरायचा आणि उरलेला त्याचा हिस्सा राज्यानं. त्यात बोगस अर्ज निघाले, आपल्या मराठवाड्यातूनही निघाले, आणि 2025 च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. आता शेतकऱ्याला खरिपाला 2 टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकाला 5 टक्के हप्ता भरावा लागतो. दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर विमा उतरवणाऱ्यांनी सरकारला फसवलंच, पण खरा भुर्दंड शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्यावर बसला.

5. मराठवाड्याला आधीच पैसा कमी मिळतो. त्यात तुम्ही उधळपट्टीचं बोलता, म्हणजे निधी कमी करायला कारण देता, असं नाही का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा येतो आणि सगळ्यात जास्त लागतो.

आपला अनुशेष, म्हणजे राज्याच्या सरासरीच्या मानानं विकासात राहिलेली तूट, खरा आहे. 1984 च्या दांडेकर समितीच्या अहवालात राज्याचा एकूण अनुशेष सुमारे 3,187 कोटी निघाला, त्यात मराठवाड्याचा सुमारे 750 कोटी. घटनेच्या 371(2) कलमाखाली 1994 मध्ये वैधानिक विकास मंडळ आलं. त्याची मुदत 30 एप्रिल 2020 ला संपली. त्यानंतर निधीच्या समान वाटपावर कायद्याच्या आधारानं बोट ठेवणारं व्यासपीठच राहिलं नाही. केळकर समितीनं 2013 मध्ये अहवाल दिला, त्यातल्या पाण्याच्या शिफारशी आजही कुणी काढून वाचल्या तर कालच लिहिल्यासारख्या वाटतात.

मग पॅकेज. ऑक्टोबर 2016 मध्ये औरंगाबादच्या मंत्रिमंडळ बैठकीत सुमारे 49 हजार कोटी जाहीर झाले. 16 सप्टेंबर 2023 ला, मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाच्या अखेरीस, त्याच शहरात पुन्हा 45 हजार कोटींहून जास्त. घोषणा म्हणजे पैसा नव्हे. शासन निर्णय निघाला का, अर्थसंकल्पात तरतूद झाली का, ती वितरित झाली का, कार्यारंभ आदेश निघाला का, या चार पायऱ्या उतरल्यावरच पैसा गावात पोचतो. जुन्याच योजना नव्या पॅकेजमध्ये मोजल्या नाहीत ना, हेही बघावं लागतं.

माझं म्हणणं असं की ज्याच्या वाट्याला आधीच कमी आलं, त्याला आलेला रुपया वाया गेलेला परवडतच नाही. पुण्यातला एक पूल फसला तर दुसरा होतो. आपला पाझर तलाव गळका निघाला तर पुढची पंधरा वर्षं टँकर. हिशोब मागितल्यानं निधी कमी होत नाही. खर्च न झालेला निधी दाखवून मात्र कमी केला जातो, त्याबद्दल पुढचा प्रश्न बघा.

6. निधी परत गेला, म्हणजे सरकारचे पैसे वाचले. मग त्यात वाईट काय?

ते वाचणं नव्हे. ज्या अंगणवाडीला खोली मिळणार होती ती अजून समाजमंदिरात भरते. 31 मार्चला न खर्चलेला निधी व्यपगत होतो, आणि पुढच्या वर्षी 'तुमच्याकडून खर्चच होत नाही' हे कारण तयार असतं.

ही भीती असल्यामुळेच दुसरं टोक गाठलं जातं. दहा महिने फाइल हलत नाही आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री बारापर्यंत कोषागारात देयकं चढतात. केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत शेवटच्या महिन्यांतली खर्चाची घाई वित्तीय शिस्तीचा भंग मानली आहे. घाईत झालेल्या कामाचं मोजमाप नीट होत नाही, सिमेंटला पाणी मारलं जात नाही, एप्रिलच्या उन्हात रस्त्याला तडे जातात. माझ्या स्वतःच्या गल्लीतला रस्ता असाच मार्चमध्ये झाला आणि पाइपलाइन टाकायला मे महिन्यात खोदला. दोन्ही कामं मंजूर होती, दोन्ही कागदोपत्री बरोबर होती. खोदलेला भाग आजही दबलेला आहे, तिथं पावसाळ्यात डबकं साचतं.

7. आमच्या गावात एकच रस्ता तीन वेळा झाल्याचं दाखवलंय. हे शक्य आहे का? ओळखायचं कसं?

शक्य आहे, कारण पैसा एकाच झऱ्यातून येत नाही. पंधरावा वित्त आयोग, पंचवीस-पंधराचं हेड (2515, ग्रामविकास विभागाचं गावातल्या मूलभूत सुविधांचं लेखाशीर्ष), आमदार निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजनची जनसुविधा, दलित वस्ती सुधार. काम करणारी यंत्रणाही वेगळी: कुठं ग्रामपंचायत, कुठं जिल्हा परिषदेचं बांधकाम, कुठं सार्वजनिक बांधकाम. प्रत्येकाचं रजिस्टर वेगळं. एकाला दुसऱ्याचं माहीत नसतं, किंवा माहीत असून विचारलं जात नाही.

फसवण्याची जागा कामाच्या नावात असते. 'मारुती मंदिर ते पाटलाच्या घरापर्यंत सिमेंट रस्ता' एका हेडला, 'पाटलाच्या घरापासून शाळेपर्यंत' दुसऱ्याला, आणि 'वॉर्ड 2 अंतर्गत रस्ता' तिसऱ्याला. गावातला कुणीही सांगेल की हा एकच रस्ता. मंजुरी देणाऱ्या टेबलावर ते तीन रस्ते असतात.

त्यामुळे प्रत्येक कामाचे हे कागद मागा: प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका (सगळे तिला एमबी म्हणतात), शेवटचं देयक आणि कामाचे फोटो. सगळ्यात बोलका कागद एमबी. त्यात लांबी, रुंदी, जाडी मीटरमध्ये लिहिलेली असते. टेप घेऊन दोन जाणती माणसं आणि दोन शाळकरी पोरं रस्त्यावर उभी राहिली की एका तासात कळतं. जाडी बघायची तर रस्त्याची कड बघा, मध्ये खोदू नका.

मोजताना तीन कामांची बेरीज करा. तिन्ही एमबींमधली लांबी मिळून 600 मीटर असेल आणि जागेवर रस्ता 250 मीटर भरत असेल, तर भाषणाची गरज राहत नाही. कागद कसे मागायचे ते प्रश्न 11 मध्ये आहे.

8. ग्रामपंचायतीला किती पैसा आला, हे घरबसल्या कळतं का?

कळतं. ई-ग्रामस्वराज पोर्टलवर जिल्हा, तालुका, गाव निवडलं की विकास आराखडा आणि खर्च दिसतो. पंधराव्या वित्त आयोगाचा 2021 ते 2026 या काळातला निधी 60 टक्के बंधित (अर्धा पाण्याला, अर्धा स्वच्छतेला) आणि 40 टक्के अबंधित होता. आपल्या राज्यात त्यातला 80 टक्के ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला. अबंधित म्हणजे मनाला येईल तसा नव्हे, त्यातूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नाही.

आमदार निधी, पंचवीस-पंधरा वगैरे या पोर्टलवर पूर्ण दिसत नाहीत.

9. जलयुक्त शिवार यशस्वी की अयशस्वी? आमच्यात यावरून रोज भांडणं होतात.

2020 मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या (देशाच्या महालेखापरीक्षकांच्या) अहवालात म्हटलं होतं की 9,633.75 कोटी रुपये खर्चूनही गावं पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण होण्यावर आणि भूजल पातळी वाढण्यावर योजनेचा फारसा परिणाम दिसला नाही. हा एवढा आकडा एका बाजूला ठेवा.

दुसऱ्या बाजूला, ज्या गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांधबंदिस्ती, नाला बांध या क्रमानं काम झालं आणि गावानं पाणी मोजून वापरलं, तिथं विहिरींना फरक पडलेला मी पाहिला आहे. जिथं नुसतं जेसीबी लावून ओढा खोल केला आणि निघालेली माती काठावरच टाकली, तिथं दुसऱ्या पावसाळ्यात गाळ परत आत. पाणी वाढलं की ऊस वाढला, हेही आपल्याच शिवारात घडलं. मराठवाड्याचा खडक बेसॉल्टचा, त्यात पाणी साठायला जागाच थोडी. जमिनीत मुरलेलं पाणी तेवढ्याच वेगानं उपसलं तर खर्च सरकारचा आणि फायदा जास्त हॉर्सपॉवरच्या मोटारीचा.

म्हणून 'योजना कुणाची' यावर भांडू नका. तुमच्या गावातल्या कामांची यादी घ्या, आज त्यातली किती जागेवर आहेत ते फिरून बघा, डागडुजीला किती पैसे ठेवले होते ते विचारा. वाद गावापुरता आणला की तो मिटतो.

10. टँकरवर दरवर्षी खर्च होतो. ही सरळ उधळपट्टी नाही का?

तहानलेल्या वस्तीला टँकर देणं उधळपट्टी नाही, ते कर्तव्य आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या वेळी खर्चाचा हिशोब करत बसलं असतं तर माणसं शहर सोडून गेली असती.

उधळपट्टी असते ती त्याच गावाला दहा वर्षं सलग टँकर लागण्यात. जलजीवन मिशन 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालं, माणशी रोज 55 लिटर नळानं द्यायचे. तुमच्या गावात टाकी उभी आहे, नळ बसले आहेत आणि तरी मेमध्ये टँकर येतो, तर स्रोताची विहीर कुठल्या महिन्यापर्यंत टिकते याची नोंद कुणी केली होती, ते विचारा. टँकर चालू असेल तर लॉगबुकवर वस्तीतल्या बायांच्या सह्या असतात. खेपा तितक्याच झाल्या का, ते त्यांच्याइतकं खात्रीनं कुणी सांगू शकत नाही.

11. माहिती अधिकारात अर्ज केला, पण 'माहिती विस्तृत आहे' म्हणून परत आला. आता काय?

बहुतेक वेळा अर्जच फार मोठा असतो. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्द. 'गेल्या दहा वर्षांतील सर्व कामे' लिहू नका. एक काम, एक वर्ष, कागदांची नावं (प्रश्न 7 मधली) एवढंच लिहा. शुल्क 10 रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत दुसरं. आपलं दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे जातं.

झेरॉक्स मागण्याऐवजी अभिलेख पाहणी (कार्यालयात बसून कागद बघणं) मागितली तर काम बऱ्याचदा लवकर होतं. कायद्यानं कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे, तो फारसं कुणी वापरत नाही.

12. लाभार्थ्यांची यादी मागितली तर 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारली. बरोबर आहे का?

इथं कायदा अलीकडे बदलला आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम जास्त घट्ट केलं. तरी 8(2) कलम कायम आहे: जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम 4 प्रमाणे अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयानं न मागता प्रसिद्ध करायचा असतो. अर्जात दोन्ही कलमांचा उल्लेख करा. आधार क्रमांक, खाते क्रमांक मात्र मागू नका. ते आपल्याला लागत नाहीत आणि लोकांचे ते उघडे पडणं चूकच आहे.

13. ग्रामसभा कागदावरच होते. काय करावं?

वर्षाला किमान चार ग्रामसभा बंधनकारक आहेत. गणपूर्ती एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतली कमी असेल ती संख्या. महिलांची सभा त्याआधी स्वतंत्र घ्यायची असते. सभा न घेतल्यास सरपंचाचं पद जाऊ शकतं. आधी लेखी विषय द्या आणि पोच घ्या, कारण 'ऐन वेळचा विषय' म्हणून टाळणं सोपं असतं. इतिवृत्ताची प्रत मागा. तुम्ही बोललेलं त्यात नसेल तर ते बोलणं झालंच नाही असं समजतात.

14. ठेकेदार सरपंचाचा भाऊ आहे. एवढ्यावर पद रद्द होतं का?

नुसत्या नात्यावर नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम 1958 च्या कलम 14 मध्ये पंचायतीच्या कामात प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेला सदस्य अपात्र ठरतो. तो हितसंबंध दाखवावा लागतो: एकत्र कुटुंब, एकच खातं, भागीदारी. भाऊ वेगळा राहतो, स्वतःचं लायसन्स आहे आणि काम चांगलं झालं, तर तक्रार टिकणं अवघड. त्यापेक्षा काम मोजा.

15. ऑडिट झालंय म्हणतात. मग आम्ही आणखी काय तपासणार?

ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषदेचं ऑडिट स्थानिक निधी लेखापरीक्षा करतं. राज्याच्या खर्चाचं कॅग, आणि त्याचा अहवाल विधिमंडळाच्या लोकलेखा समितीपुढं जातो. जिल्हा परिषदांसाठी पंचायती राज समिती आहे. हे सगळे मुख्यतः कागद बघतात, तेही वर्ष-दोन वर्षांनी. ऑडिटचे शक (आक्षेप) मागून वाचा, अनेकदा तुमचाच प्रश्न तिथं आधी लिहिलेला सापडतो आणि अनुपालन, म्हणजे त्याची पूर्तता, बाकी असतं.

16. पगारावर एवढा खर्च कशाला? भरती बंद केली तर पैसा वाचेल ना?

बांधलेलं आरोग्य उपकेंद्र नर्स नाही म्हणून कुलूपबंद असेल, तर इमारतीचा सगळा खर्च वाया. ग्रामीण मराठवाड्यात मला पगारावरच्या खर्चापेक्षा रिकाम्या जागांमुळे होणारं नुकसान मोठं दिसतं. एका ग्रामसेवकाकडे तीन गावं असली की तिन्ही गावांचं दप्तर अर्धवट राहतं.

17. अतिवृष्टीच्या वेळी निविदा वगैरे पाळत बसायचं का?

नाही, आणि नियमही तसं म्हणत नाहीत. सप्टेंबर 2025 मध्ये पाण्यानं शेतं खरडून नेली. ऑक्टोबरमध्ये राज्यानं 31 हजार 628 कोटींचं पॅकेज जाहीर केलं. अशा वेळी उशीर हाच सगळ्यात मोठा अपव्यय. गोठ्यातलं जनावर निविदेची वाट बघत नाही.

पण तातडी संपली की हिशोब यायला हवा. पंचनाम्याची यादी चावडीवर लावा म्हणून आग्रह धरा. ज्याचं शेत वाहून गेलं ते नाव राहिलं आणि ज्याचं कोरडं राहिलं ते आलं, हे यादी वाचताना पाच मिनिटांत कळतं. पॅकेजच्या आकड्याबद्दल प्रश्न 5 मधल्या चार पायऱ्या इथंही लागू आहेत.

18. ताई, माझा आरोप खोटा निघाला तर?

माझा निघाला होता. एका गावात बंधारा बांधलाच नाही असं मी भर सभेत म्हटलं. एमबीतला गट क्रमांक मी चुकीचा वाचला होता. बंधारा पलीकडच्या ओढ्यावर होता, आणि बरा होता. पुढच्या सभेत उभं राहून मी त्या ग्रामसेवकाची माफी मागितली आणि ती इतिवृत्तात लिहायला लावली. तेव्हापासून जागेवर जाऊन आल्याशिवाय कामाबद्दल बोलत नाही, आणि बोलताना प्रश्नच विचारते. त्याच ग्रामसेवकानं नंतर मला दुसऱ्या दोन कामांची एमबी स्वतःहून दाखवली.